गावकराचा बांध

खाडीकाठच्या एका गावात एक गावकर होता. गावाचा सगळा कारभार त्याच्याकडे, आणि कारभार म्हणजे बैठका. त्या बैठकांना तो अगदी विटला होता.

समुद्र वर्षागणिक वर चढत होता. पूर्वी उधाणाचं पाणी बांधाच्या निम्म्यावर थांबायचं, आता माथ्याला टेकू लागलं होतं. बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरणार आणि मग कित्येक वर्षं तिथे दाणा पिकणार नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं. बांध उंच करायला हवा, यावर सगळ्यांचं एकमत. पण माती कुणाच्या शेतातली घ्यायची? एक म्हणे, बांध मागे सरकवा. दुसरा म्हणे, मग माझं शेत काय माशांना देऊ? शिंपल्या काढणाऱ्या बायकांना खाडीत उतरायला वाट हवी होती. बैठक उठायची ती भांडूनच.

"आता पुरे," गावकर एकदा बायकोला म्हणाला. "यांचं ऐकत बसलो तर समुद्रच दारात येऊन बसेल."

"ऐकून घ्यावं हो," ती म्हणाली. "भांडतात खरे, पण बांधावरून जाताना खेकड्याचं बीळ दिसलं, की जो तो मूठभर चिखल लावूनच पुढे जातो."

"चिखल लावायला बैठक लागत नाही," गावकर म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

त्याने स्वतःच्या शेतातली माती दिली, पलीकडच्या गावातून गडी आणले आणि कुणालाही न विचारता बांध उंच केला. काम चांगलं झालं होतं, उगाच नावं कशाला ठेवा. कधी नव्हे ती गावकराला शांत झोप लागू लागली.

पुढच्या मोठ्या उधाणाला, भर दुपारी, बांध फुटला. बघता बघता पोटरीतलं, लोंब्या धरायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं.

गावकर धावत आला. फुटक्या बांधाशी एक म्हातारा शेतकरी उभा होता.

"बाबा, तुमची रोजची वाट ही. पाणी झिरपताना दिसलं नाही?"

"दिसलं की. बरेच दिवस दिसत होतं."

"मग मूठभर चिखल लावायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, पाण्याला वाट ठेवली असेल तुम्ही," म्हातारा म्हणाला. "नव्या बांधातलं आम्हाला काय कळणार? आम्हाला कुठे विचारलं होतं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचंही शेत त्याच पाण्यात होतं. गावकराला तेच फार लागलं.

तो फुटक्या बांधाच्या कडेवर बसला.

"उद्या बैठक ठेवतो," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांना सांगा. कितीही लांबली तरी मी मधे उठणार नाही."

तात्पर्य एवढंच: ज्या कामात माणसाला कुणी विचारलं नाही, त्या कामाची राखण तो करत नाही, मग बुडताना मात्र सगळे मिळून बुडतात.