हिंगाच्या डबीचा नंबर

दुकानातला तराजू माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी टूं करणारा स्कॅनर आला, तेव्हाची गोष्ट. नेमिनाथशेठांच्या दुकानात हिंगाच्या डबीला नवंच खूळ लागलं. ती शेजारणींच्या काळ्या रेघांखालचे आकडे वाचत सुटली.

“माझा नंबर आठशे नव्वदने सुरू होतो. म्हणजे मी अस्सल इथली!” ती आमसुलाच्या पुडीला म्हणाली. “तुझा आकडा परदेशी. जा, खाली फिनेलजवळ बस.”

“अगं, मी कुडाळच्या झाडावरची. कंपनी तेवढी बाहेरची,” पुडी रडकुंडीला आली. पण सगळी फळी डबीच्या बाजूने ओरडली आणि बिचारी पुडी खाली घसरली. तिने स्कॅनरला साक्षीला बोलावलं.

“कंपनीने नंबर कुठल्या देशात घेतला, एवढंच त्या आकड्यांवरून कळतं,” स्कॅनर म्हणाला. “माल कुठला, ते मागच्या बारीक अक्षरांत बघा.”

तेवढ्यात शेवंताबाई खरेदीला आल्या. त्यांनी चष्मा चढवून डबी उलटी केली. “अगंबाई! हिंगाचा चीक अफगाणिस्तानचा की हो, शेठ!”

“हा तिकडूनच येतो, बाई. इथे पीठ मिसळून डबीत भरतात.”

फळीवरच्या साऱ्यांनी आपापले आकडे हळूच भिंतीकडे वळवले.

बाईंना आमटी करायची होती. त्यांनी वाकून आमसुलाची पुडीही उचलली. दोघी एकाच पिशवीत पडल्या.

वाटेत डबी पुटपुटली, “फोडणीत आधी मीच पडते हं.”

“पड की,” पुडी म्हणाली. “पण ती रेघांची पट्टी बाहेर ठेवून ये.”