न पडलेला डोंगर

"आणि नाहीच कोसळला तर?"

श्रीरंग खोपकरने पुन्हा तेच विचारलं. केवलगीर बाबा धुनीत लाकूड सरकवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाहेर पावसाने दिवसाची संध्याकाळ करून टाकली होती.

"डोंगराचं शास्त्र तू शिकलास," बाबा म्हणाले. "मला काय विचारतोस?"

"शास्त्र एवढंच सांगतं, की डोंगर सरकतोय. भेग रुंदावलीय. खालचा झरा गढूळ झालाय. आज पडेल की नातवंडांच्या काळात पडेल, ते कुणालाच सांगता येत नाही."

"मग तेवढंच सांग वाडीला."



श्रीरंग भूगर्भशास्त्रज्ञ. टेंभवाडीच्या डोक्यावरच्या उतारात त्याने भेगेच्या अलीकडे-पलीकडे लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांच्यातलं अंतर वाढतंय का, हे मोजायला तो पावसाळाभर डोंगर चढायचा. जाता-येता वाटेवरच्या बाबांच्या मठात टेकायचा. टेकता टेकता बाबांचा शिष्य कधी झाला, ते त्यालाही कळलं नाही. माणूस हुशार, कामाला चोख, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

गेल्या वर्षी असाच पाऊस लागला होता. श्रीरंगने धोका सांगितला, सगळी वाडी गुराढोरांसकट नदीपलीकडच्या शाळेत नेऊन बसवली. बाबा तेवढे मठात बसून राहिले, आणि डोंगर जागचा हलला नाही. लावणी मात्र हुकली, भाताची रोपं वाफ्यातच कुजली. वर्षभर लोकांनी विकतचा तांदूळ खाल्ला आणि श्रीरंगचं नाव जोशी ठेवलं. "जोशीबुवा, काय म्हणतंय डोंगराचं पंचांग?" असं पोरंटोरंही विचारायची. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"सांगितलंस तर उतरतील?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"एक तर मी एकदा तोंडघशी पडलोय. आणि दुसरं..."

"बोल."

"दुसरं तुम्ही, बाबा."



केवलगीर बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. गुरूंच्या समाधीशेजारी बसायचं आणि या डोंगराची शीव जन्मात ओलांडायची नाही, असं ते व्रत. दाढी काळी होती तेव्हा घेतलेलं, पांढरी झाली तरी मोडलं नव्हतं. खाली त्यांची आई गेली, तेव्हाही ते शिवेच्या दगडापर्यंत आले आणि तिथूनच हात जोडून मागे फिरले. वाडीला त्या व्रताचा केवढा अभिमान होता! मठामागची भेग बायका दर अमावास्येला शेणामातीने बुजवायच्या, वर रांगोळी काढायच्या. त्यांची ती सेवाच होती. आज सकाळी श्रीरंगने ते सारवण खरवडलं, तर त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्याला भीती वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या रांगोळीचा राग आला.

तेवढ्यात इरलं झटकत धाकूतात्या ढेबे आत आला. वाडीतला जाणता माणूस. बाबांचं दूध तोच आणायचा.

"जोशीबुवा आज हितं व्हय?" तो हसला. "काय म्हंतोय डोंगूर?"

श्रीरंगने मान खाली घातली. 

"तात्या," बाबा म्हणाले, "हा म्हणतो वाडी उतरवा."

"म्हनू द्या की. बाबा बसल्यात तवर डोंगराची काय बिशाद हाय!"

"असं मी कधी म्हटलं?"

"तुमी कशाला म्हनाय पायजे? तुमी बसलाय की हितं."



बाबा उठले. समाधीवर डोकं ठेवलं. काठी घेतली आणि पावसात चालू लागले.

पायवाटेवर शेंदूर फासलेला शिवेचा दगड होता. तिथे श्रीरंग धावत येऊन आडवा आला.

"बाबा, व्रत! मी चुकत असेन. गेल्या वर्षी चुकलो तसाच..."

बाबांनी त्याला हाताने हळूच बाजूला केलं आणि पाय पलीकडे टाकला.

वाडीने ते पाहिलं. दारादारात माणसं उभी राहिली. कुणी हंबरडा फोडला, कुणी पाया पडून आडवं आलं. बाबा कुणाशी बोलले नाहीत, नदीवरच्या साकवाकडे चालत राहिले. मग एका घरातली म्हातारी उठली, तिने नातीला कडेवर घेतलं. दावणीची गुरं सुटली. अंधार पडायच्या आत टेंभवाडीत माणूस उरलं नाही. धाकूतात्या सगळ्यांच्या मागून, शिव्या देत आला.

पाऊस पडला. मग थांबला. डोंगर तसाच उभा होता.

यंदाही लावणी हुकली.

वाडी शिव्याशाप देत घरी परतली. बाबा परतले नाहीत, शाळेच्या पडवीतच राहिले. त्यांचं दूध बंद झालं. ज्यांनी पाय धरले होते, तेच आता त्यांना भ्याड गोसावी म्हणू लागले. श्रीरंग कामाच्या निमित्ताने दूर दूर राहिला. तोंड दाखवायची लाज वाटत होती. नवरात्रात एका दुपारी मात्र राहवेना, तसा तो पडवीत येऊन बाबांच्या पायांशी बसला.

नदीपलीकडे वाडीत देवीपुढे ढोल वाजत होता. वाडीच्या सोंगाड्याने दाढी लावली होती आणि काठी टेकत, थरथर कापत तो घाबरलेल्या बाबांचं सोंग काढत होता. हसण्याचा लोट पाण्यावरून इथपर्यंत येत होता.

श्रीरंगला रडू आवरेना.

"माझ्या एका शब्दापायी तुमचं जन्माचं व्रत गेलं, बाबा. आणि डोंगर तर पडलाच नाही. बघा, सगळी वाडी हसतेय तुम्हाला."

बाबांनी कपाळावर हात धरून पलीकडे पाहिलं. नजर आता पूर्वीसारखी पोचत नव्हती.

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "नीट बघून सांग... हसायला कुणी कमी तर नाही ना?"