कलमाची दोरी

खूप खूप वर्षं झाली, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक आंबा होता. दोन जातींच्या संकरातून तो जन्मला होता. एकीची गोडी त्यात होती, दुसरीचा वास होता. पण त्याची कोय लावली तर भलतंच, आंबटढाण फळ यायचं. तसंच झाड हवं तर कलमच बांधायला लागे.

एका वादळात तो आंबा मुळासकट उन्मळला. म्हाताऱ्या माळणीने एकच डहाळी वाचवली. तिचं रायवळ रोपावर कलम बांधलं, आणि एका तरुण आईच्या अंगणात लावलं. का, तर तिच्याइतकी काळजी करणारं गावात कुणी नव्हतं! तिची लेक दीड वर्षाची झाली, तरी कडेवरून उतरली नव्हती. बाया हसायच्या, "ही लग्नाला उभी राहील तीसुद्धा आईच्या कडेवरच!"

"पोरी, गावाचा आंबा आता तुझ्या हातात," माळीण म्हणाली. "नवी पालवी जून झाली की जोडावरची वाखाची दोरी सोड, बरं का."

"हो मावशी."

पालवी आली, जून झाली. पण दोरीला हात लावला की बाई तो लगेच मागे घेई. वारा सुटला तर? जोड निसटला तर? सोडायचं राहिलंच, वरून तिने आणखी दोन वेढे घातले.

पानं पिवळी पडायला लागली. तिने शेणखत घातलं, पाणी वाढवलं, दृष्टसुद्धा काढली. पानं गळतच राहिली. शेवटी लेकीला घेऊन ती धावत माळणीकडे गेली.

म्हातारी आली, वाकली, आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं, रोगबिग काही नाही. गळा आवळलायस तू त्याचा!"

"मी? मी तर जिवापाड जपलं हो!"

"जपलंस खरं. पण जोड कधीच सांधलाय. झाड वाढतंय, दोरी थोडीच वाढणार? घे चाकू, तूच काप."

एका हाताने कापता येईना. तिने कडेवरच्या लेकीला मातीत उभं केलं आणि दोरी कापली. सालीवर खोल वळ उमटला होता. तेवढ्यात झुळूक आली. रोप वाकलं, आणि परत ताठ झालं.

वळून बघते तर काय, लेक चार पावलं चालून माळणीच्या लुगड्याला धरून हसत होती!

"आता लगेच उचलू नको हिला," म्हातारी म्हणाली.

चौथ्या वर्षी अंगणात मोहराचा तोच जुना वास दरवळला. फळातही तीच गोडी उतरली. पुढे घरोघरी त्याची कलमं गेली. लेक झाडावर चढली की आई खाली उभी राहून नुसतं म्हणायची, "जपून गं."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आधार बांधायला माया लागते, आणि तो वेळेवर सोडायला त्याहून मोठी माया लागते.