शिंजूच्या घरट्याला फांदी हवी

एक होती शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी! तिचं नाव शिंजू.
शिंजूनं घरटं विणलं. काडी काडी आणली, कापूस आणला. जाईच्या वेलाला टांगलं. घरटं झुलायचं, झुई झुई.

एकदा काय झालं? वेल गेला वाळून. फांदी मोडली, कट्ट!
घरटं पडलं खाली, टुप्प!
"आई गं!" शिंजू म्हणाली. "माझी अंडी आज ना उद्या यायची. आता घर टांगू कुठं?"

शेजारी राहायची कुमुदमावशी. मावशी पत्रा कापायची, कच्च कच्च. हातोडीनं ठोकायची, टक टक. त्याची पानं करायची, फुलं करायची, पाखरं करायची. रंग लावायची, लाल, पिवळा, हिरवा. मग भिंतीवर लावायची. ओसरीच्या भिंतीवर पत्र्याचं मोठ्ठं झाड होतं. तिथं ऊन नाही, मांजर नाही.

शिंजू गेली उडत, भुर्र भुर्र.
"मावशी, मावशी, तुझ्या झाडाला एक फांदी लाव ना! घर टांगते."
"लावते की गं! पण कात्री बोथट झालीय, बाळा. पत्रा कापेना. धारवाल्या काकांना सांग."

शिंजू गेली उडत, भुर्र भुर्र. काका बसले होते वडाखाली. पुढ्यात धारेचं चाक.
"काका, काका, धार लावा!
कात्री बोथट, पत्रा कापेना.
फांदी नाही, घर टांगू कुठं?"
काकांनी चाक फिरवलं. करर्र करर्र!
"ऐकलंस? चाकाला तेल नाही. घाण्याच्या बैलाकडं जा."

शिंजू गेली उडत, भुर्र भुर्र. बैल बसला होता, डोळे मिटून.
"बैलदादा, बैलदादा, तेल दे!
चाक करकर, धार लागेना.
कात्री बोथट, पत्रा कापेना.
फांदी नाही, घर टांगू कुठं?"
"हंऽऽ," बैल म्हणाला. "मी फिरलो की घाणा फिरतो. घाणा फिरला की तेल येतं. पण पोटात काही नाही. मी नाही उठायचा! गवत आण."

शिंजू गेली उडत, भुर्र भुर्र. गवत पडलं होतं मान टाकून.
"गवतबाई, गवतबाई, हिरवी हो!
बैल उपाशी, घाणा फिरेना.
चाक करकर, धार लागेना.
कात्री बोथट, पत्रा कापेना.
फांदी नाही, घर टांगू कुठं?"
"पाणी..." गवत हळूच म्हणालं. "आधी पाणी."

शिंजू गेली उडत, भुर्र भुर्र. मळ्यात होता पाण्याचा पाट. पण पाणी कुठाय?
"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड!
गवत सुकलं, पान फुटेना.
बैल उपाशी, घाणा फिरेना.
चाक करकर, धार लागेना.
कात्री बोथट, पत्रा कापेना.
फांदी नाही, घर टांगू कुठं?"
पाट म्हणाला, "बुडुक! पाचोळा अडकलाय गळ्यात. बुडुक! काढणार कोण? खेकड्याला विचार."

शिंजूचे पंख दुखले. घसा सुकला. दगडाखाली खेकडा होता. बाप रे, केवढ्या नांग्या! शिंजू घाबरली. पण अंडी आज ना उद्या यायची. मग ती पुढं झाली.
"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, पाचोळा काढा!
पाट तुंबला, पाणी येईना.
गवत सुकलं, पान फुटेना.
बैल उपाशी, घाणा फिरेना.
चाक करकर, धार लागेना.
कात्री बोथट, पत्रा कापेना.
फांदी नाही, घर टांगू कुठं?"

खेकडा दगडाखालून बाहेर आला.
शिंजूनं विचारलं, "तुम्हाला आधी काय आणून देऊ?"
"मला?" खेकडा म्हणाला. "मला काही नको. चल, दाखव पाचोळा!"
"काही नको?"
"काही नको!"
शिंजूचे डोळे भरून आले. "खेकडेभाऊ, भलं होवो तुमचं!"

खेकडा निघाला तिरका तिरका, तुरू तुरू. पाचोळा ओढला, खेच खेच!
पाट मोकळा झाला. पाणी आलं झुळझुळ झुळझुळ. शिंजू घोटभर प्यायली. "भलं होवो, पाटदादा!"
गवताला पाणी मिळालं. गवत झालं हिरवंगार. "भलं होवो, गवतबाई!"
बैलाला गवत मिळालं. बैलानं खाल्लं, चरक चरक. बैल उठला, घाणा फिरला. तेल आलं टप टप. शिंजूनं चोचीत थेंब धरला. आता बोलणार कशी? मान हलवून म्हणाली, "म्म म्म म्म!" बैलाला कळलं बरं का.
चाकाला तेल मिळालं. चाक फिरलं गरगर गरगर. काका चाक घेऊन आले मावशीच्या दारी. कात्रीला धार लागली, झर्र झर्र. "भलं होवो, काका!"

मावशीनं पत्रा कापला, कच्च कच्च. ठोकला, टक टक. हिरवा रंग लावला. पानांवर पिवळे ठिपके दिले. रंग वाळला. मग भिंतीवरच्या झाडाला फांदी लावली, अशी पुढं आलेली.
मावशीनं घरटं उचललं, अगदी हळू. दोऱ्यानं बांधलं. घरटं झुललं, झुई झुई!

शिंजू आत शिरली. पुन्हा बाहेर आली. मावशीच्या खांद्यावर बसली.
"मावशी, भलं होवो तुझं!"
"तुझंही गं," मावशी म्हणाली. "इतकी पाखरं केली मी. पण गाणारी तू पहिलीच!"

दुसऱ्या दिवशी घरट्यात काय होतं? दोन अंडी! इवलीशी, गोल गोल.
मग शिंजूनं गाणं म्हटलं, खेकडेभाऊंनाही ऐकू जाईल असं. च्युई च्युई, च्युई च्युई!

शिंजू निजली घरट्यात,
आपण शिरू पांघरुणात.