चाकावरची रेघ

“अस्सल होती की नक्कल, एवढंच सांगा आबा. बाकी मला काही नको.”

शार्दूल पन्हाळा चढून आला होता तो हाच प्रश्न घेऊन. अजून चप्पलही धड काढली नव्हती.

आबा सरनोबत खिडकीपाशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली, पोराकडं पाहिलं, आणि शेंगांची परडी पुढं सरकवली.

“बस की आधी. वारा पिऊन आलायस.”

शार्दूल बसला. शेंगेला मात्र हात लावला नाही.

आबांच्या खोलीत लाकडी फळ्यांवर एक काळा रस्ता अंथरलेला होता. त्याच्या मधोमध खाच, खाचेच्या कडेनं विजेची तार. त्या खाचेत गाडीखालचा खिळा अडकवला की बोटाएवढ्या गाड्या सुसाट पळत. स्लॉट कार म्हणतात त्यांना. आबांनी उभं आयुष्य या खेळात घातलं होतं, आणि कोल्हापूरची चार शौकीन मंडळी त्यांना गुरू मानत. शार्दूल त्यांतला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात हुशार. हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

त्याची खरी हुकमत चाकांवर. जुन्या गाड्यांना शौकीन लोक अॅल्युमिनियमची खास कातलेली चाकं बसवून घेत. ती जुनी चाकं आता हिऱ्यामाणकासारखी झाली आहेत, आणि हिरे आले की काचाही येतातच. शार्दूल चाक उजेडाला धरायचा, कातकामाच्या बारीक रेषा पाहायचा, कडेची जाडी नखानं चाचपायचा, आणि सांगून मोकळा व्हायचा. चुकत नसे. निदान आजवर चुकल्याचं कुणी दाखवून दिलं नव्हतं.

त्यानं खिशातून एक प्लास्टिकची डबी काढली. डबीत निळी गाडी होती. मागचं एक चाक उघडं पडलेलं. बाजूला काळ्या रबराचे तुकडे.

आबांनी शेंग खाली ठेवली.

“ही तर खर्डेकरांची.”

“हो.”

“तुझ्याकडं कशी?”

“रविवारी खेळायला जमलो तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हणालो, ही चाकं मागाहून बनवलेली आहेत. खर्डेकरकाका म्हणाले, ‘असतील बाबा. आमच्या थोरल्या भावानं बोटीवरनं आणली, एवढंच मला ठाऊक.’ मग मीच म्हणालो, घरी नेऊन खात्री करतो.”

“आणि केलीस?”

“अस्सल चाकाला टायरखाली एक बारीक रेघ असते, आबा. डिंक धरावा म्हणून कातलेली. नकलेला नसते. ती बघायची तर टायर काढायला पाहिजे…”

“काढलास.”

“ओढला जरा. वाळक्या भाकरीसारखा मोडला.”

आबांनी रबराचे तुकडे डबीतून टेबलावर काढून ठेवले. बाहेर वाऱ्यानं खिडकीची कडी वाजत राहिली. शार्दूल घाईनं बोलला.

“म्हणजे तो जुनाच होता ना? नवा असता तर ताणला असता. म्हणजे टायर अस्सल…?”

“म्हातारा होता,” आबा म्हणाले. “म्हाताऱ्याला असं ओढतात व्हय?”

शार्दूलचे कान तापले. पण मुद्दा सोडेल तर तो शार्दूल कसला.

“चाकाचं ऐका ना. वर जुना डिंक चिकटलेला होता. ब्लेडनं खरवडला. खाली रेघ आहे. दिसते स्पष्ट. पण…”

“पण?”

“ती कातलेली आहे का माझ्या ब्लेडची, ते कळत नाहीये.”

हे बोलताना त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला. चार रात्री त्याला झोप नव्हती ती याच रेघेपायी. आपण सगळ्यांपुढं खोटे पडलो की खरे ठरलो, हे सांगणारी एकच खूण होती, आणि तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं दुसरी खूण ओढली होती.

आबांनी चष्मा लावला. चाक उजेडाला धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

आबांनी चष्मा काढला.

“मलाबी कळत नाही.”

“तुम्हाला? असं कसं, आबा!”

“सोनार कसाला लावतो तेव्हा दगडावर रेघ ओढतो. दागिन्यावर न्हाई.”



आबांनी एक शेंग फोडली, दाणे हातात तसेच ठेवले.

“रविवारपासनं गाडी तुझ्याकडं.”

“हो.”

“मग थोरले खर्डेकर संध्याकाळी काय बघतायत?”

थोरल्या खर्डेकरांना अर्धांगवायू झाल्याला वर्ष होऊन गेलं होतं. वाचा गेली होती. धाकटे खर्डेकर रोज दिवेलागणीला त्यांच्या कॉटशेजारी टेबलावर छोटा रस्ता जोडत आणि निळी गाडी सोडत. थोरल्यांचा डावा हात तेवढा चाले. तो चादरीवर गाडीबरोबर वळायचा. शार्दूलनं हे पाहिलं होतं. गाडी मागून घेताना मात्र हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, कारण तेव्हा तो चाक बघत होता.

“काकांनी फोन केला होता,” तो हळूच म्हणाला. “म्हणाले, ‘झालं असलं तर दे, घाई न्हाई.’ मी म्हटलं, अजून तपासणी चालू आहे.”

“सांगितलंस टायर तुटल्याचं?”

“…नाही.”

आबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. काचेच्या कपाटातून त्यांनी एक लाल गाडी काढली. शार्दूल ताडकन उभा राहिला. या गाडीला आबा कुणाला हात लावू देत नसत. चारही चाकं जुनी, चारही टायर जुने, सगळी एकाच कारागिराच्या हातची. एवढी पुरी गाडी त्यानं दुसरीकडं कुठंच पाहिली नव्हती. कधीतरी आबा ती आपल्या तळहातावर ठेवतील, म्हणतील ‘आता तू बघ हिच्याकडं’, या आशेवर तो इतकी वर्षं हा चढ चढत आला होता.

आबांनी चुलीवरचं कोमट पाणी वाटीत ओतलं. लाल गाडीचं मागचं एक चाक पाण्यात बुडवून धरलं आणि तसेच बसून राहिले.

“आबा… काय करताय?”

पाणी निवत आलं तसं त्यांनी पुन्हा थोडं गरम ओतलं. शार्दूलला वाटलं, दुपार इथंच सरणार. मग आबांनी अंगठ्यानं टायरची कड हलकेच लोटली. पुन्हा लोटली. रबर नरम होऊन घरंगळत यावं तसं चाकावरनं उतरलं. कुठं तडा नाही.

“घाई नसली की येतंय,” आबा स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी तो टायर निळ्या गाडीच्या उघड्या चाकावर चढवला, फडक्यानं कोरडा केला. रेघ झाकली गेली. कुणाची का असेना, आता ती कुणालाच दिसणार नव्हती.

“तुमची जोडी मोडली, आबा!” शार्दूल म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि कशाचं येतंय ते धड कळत नव्हतं. “अशी पुरी गाडी कुणाकडंच नाही!”

“न्हाई, खरंय,” आबा म्हणाले आणि लाल गाडी एका उघड्या चाकानिशी कपाटात ठेवून दिली.

शार्दूलनं निळी गाडी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. सवय जाते कुठं.

“रंग तंतोतंत जुळतोय. काकांना कळणारसुद्धा नाही, की…”

आबांनी हात पुढं केला. शार्दूलला वाटलं, गाडी परत मागताहेत. पण आबांनी रबराचे तुकडे टेबलावरून एकेक करून वेचले आणि डबीत टाकले. डबी त्याच्या हातात दिली.

“हे आधी दाखव. गाडी मग.”

“…बरं.”

तो दारापर्यंत गेला. चप्पल घातली. ऊन कलायला लागलं होतं, आणि दिवेलागणीच्या आत कोल्हापूर गाठायचं होतं. तरी पाऊल उचलेना.

“आबा, ते विचारतीलच हो. सगळे विचारतील. चाक कुणाचं ठाऊक नाही, टायर तुमचा… आता या गाडीला मी म्हणू तरी काय? अस्सल की नक्कल?”

आबा पुन्हा खिडकीपाशी बसले होते.

“थोरल्यांच्या पुढं सोड,” ते म्हणाले. “आणि पळती असंल तवा गाडीकडं बघू नको.”