दस्तगीर मुलाणीची तोंडी परीक्षा

साखर कारखान्यात फोरमनची जागा निघाली. वीस वर्षं फिटर असलेल्या दस्तगीर मुलाणीनं अर्ज केला, तेव्हा मॅनेजर राजाध्यक्षसाहेबांनी त्याला सगळ्या कामगारांसमोर हिणवलं, "पाइप जोडशील रे, पण यंत्राच्या भागांच्या इंग्रजी नावांचे अर्थ तरी कळतात का? सांग, नॉन-रिटर्न व्हॉल्व म्हणजे काय?"

"साहेब, तुमचा हुकूम खाली येतो, पण आमचं म्हणणं वर जात नाही. तसं पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देतो, तो नॉन-रिटर्न व्हॉल्व."

साहेब लालबुंद झाले. "आणि सेफ्टी व्हॉल्व?"

"आत्ता मी बोललो ना, तोच. दाब फार वाढला की थोडी वाफ बाहेर सोडायची, म्हणजे बॉयलर फुटत नाही."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, फोरमन. आता तुमचं म्हणणं सांगा."