घासलेली वाटी

"काळतोंडे, मला शिकवू नकोस!" फार जुन्या काळी, एका राजाच्या मुदपाकखान्यात चांदीची वाटी लोखंडी पळीवर खेकसली.

विषाने चांदी काळी पडते, म्हणून राजा तिच्यातच खीर खाई. त्या दुपारी प्रधानाने स्वतः वाढली. वाटी काळी पडली, पण राजा त्याच्या गोड बोलण्यात गुंतला आणि जिवाला मुकला. प्रधानाने वाटी राखेने घासून घेतली, खीर निर्दोष ठरवली आणि आळ पाणी देणाऱ्या हैबतीवर घातला.

"त्याला सुळावर नेतायत गं. दरबारात खरं बोल," पळी म्हणाली.

"बोलले तर प्रधान मला वितळवून टाकेल. तुझ्यासारख्या काळीचं काय जातंय?"

एवढ्यात बाहेर नगारा वाजला. हैबती संपला होता. वाटी आपली लकाकतच होती.

पळी म्हणाली, "मी चुलीवर राबून काळी झाले बाई, तू कशाने लख्ख झालीस, ते सांग."